पहिल्याच ओढीला

हां, बसा, बसून बघा, बसायला काय जातंय — फक्त पाय त्या ट्रेलरच्या कडेवर देऊ नका, ग्रीस आहे तिथं, परवाच एका साहेबांची पांढरी पॅन्ट गेली. कशी वाटली खुर्ची? मऊ ना? सगळ्यांना मऊच वाटते. आणि ते स्टिअरिंग धरा एकदाचं, धराच, तुमचा हात केव्हाचा तिकडंच चाललाय. — झालं समाधान? आता उतरा खाली आणि खरं सांगा, मासे पकडायला निघालाय की मिरवायला? नाही, रागावू नका, मी सगळ्यांना विचारतो. मिरवायला असेल तर हीच घ्या, पांढरीशुभ्र, लांबून चमकते, काठावरचे लोक हात करतात. पण मासे म्हणालात म्हणून बोललो. आणि एकटेच जाणार म्हणालात. एकट्यानं जाणाऱ्याला स्टिअरिंग कशाला हो? इंजिन राहिलं मागे, तुम्ही बसलात पुढे, गळ टाकलाय तिसरीकडे — मासा लागला की उठा, धावा, धडपडा. माणसं बोट डोळ्यांनी घेतात. इतकी वर्षं बघतोय मी, कुणी म्हणून ढुंगणानं बोट घेत नाही, आणि सगळा वेळ बसायचं तर त्याच्यावरच असतं. माफ करा हं, तोंड असं झालंय माझं. दमलो की जास्तच सुटतं. सकाळपासून हेच चाललंय — ही दाखव, ती दाखव, हिचं इंजिन किती, तिचा रंग का असा. रंग! माशाला काय कळतंय रंगातलं.

बरं, ऐका. तो स्टूल घ्या, तो नको, त्याचा पाय लंगडा आहे, हा घ्या. छोटी बोट घ्यायची म्हणजे तीन-चार गोष्टी बघायच्या, बाकी सगळं कंपनीचं पुस्तक. बूड सपाट पाहिजे. टोकदार बुडाची बोट लाटेवर चांगली, मान्य, पण आपल्या तलावाला लाट येऊन येऊन येणार किती? सपाट बूड म्हणजे तुम्ही उभे राहिलात, वाकलात, जाळी घालून मासा उचललात, तरी ती तुमच्यावर रुसत नाही. मग कड. कड बुटकी असलेली बरी, उंच कडेवरून मासा वर घ्यायचा म्हणजे अर्धे निसटतात, आणि उरलेले आपण पाण्यात पडल्यावर हसतात. इंजिन मागं लावायचं, पंधरा हॉर्सपॉवरचं पुरे, आणि चालवायला दांडा — हे असं, मागच्या फळीवर बसायचं, दांडा काखेशी, दुसरा हात मोकळा. एकटं बसलं की नाक वर येतं बोटीचं, मग पेट्रोलची टाकी पुढं सरकवायची, झालं काम. ही हिरवी बघा, सगळं तसंच आहे हिच्यात. फायबरची आहे, दगडावर घासू नका म्हणजे तुम्हाला पुरून उरेल. — माझी आवडती? माझी कुठली आवडती विचारता?

तुम्ही पहिलेच हं असं विचारणारे. लोक विचारतात, खपते कोणती. खपते ती पांढरी. माझी आवडती म्हणाल तर — मला पाण्यावर मळमळतं. हसा, हसा, मोकळेपणानं हसा, सगळे हसतात. बोटी विकणारा माणूस, आयुष्य गेलं या शेडमध्ये, वडिलांपासूनचा धंदा, आणि बोट काठापासून दोन हात गेली की पोट ढवळायला लागतं. लहानपणी वडील म्हणायचे, सवय होईल. वडील गेले, सवय काही झाली नाही. म्हणजे हे आत्ता तुम्हाला जे काय ज्ञान पाजळलं ना, बूड आणि कड आणि टाकी पुढं सरकवा, त्यातला एक शब्द माझा नाही. सगळं बायकोचं. नवी बोट आली की पाण्यावर नेऊन बघायची ती, आणि येऊन सांगायची — ही वळताना अंग टाकते, हिच्या फळीचा खिळा वर आलाय, ही चांगली आहे पण बोलकी फार, पाणी सारखं थपाथप वाजतं बुडाला, मासे काय थांबतायत. मी ते ऐकायचो आणि गिऱ्हाइकासमोर आपलंच म्हणून सांगायचो. तिला मासेमारी तिच्या वडिलांनी शिकवली. लग्नाआधी मला म्हणाली होती, तुमच्याकडे बोटी आहेत म्हणून हो म्हटलं. मी आपला समजलो थट्टा करतेय. थट्टा नव्हती ती.

ती ना? ती कोपऱ्यातली — ती विकायची... थांबा, तिची ताडपत्री ओढू नका, धूळ बसलीय, अंगावर येईल. मीच काढतो. बघा. बघण्यासारखं काही नाही, पत्र्याची आहे, अॅल्युमिनियमची, जुनी. इथं पोचा आहे, इथं पोचा आहे, रंग म्हणाल तर कधी राखाडी होता. एका माणसानं नवी घेताना ही टाकून दिली आमच्याकडं. मी भंगारात काढणार होतो. तेव्हा शेड गच्च भरलेली, तऱ्हेतऱ्हेच्या बोटी, आणि बायको आली, सगळ्यांभोवती एक फेरी मारली, आणि या डब्यापाशी उभी राहिली. म्हणाली, मला ही. म्हटलं, अगं, ही? ती निळी घे की, तुला म्हणून ठेवतो. — नको, ही. — अगं पण डबा आहे नुसता. — अहो, डबाच पाहिजे मला. आणि का, ते पण सांगितलं तिनं. सांगितलं म्हणजे, दाखवलं. ट्रेलरवरून एकटीनं उतरवली, उतारावरून एकटीनं ढकलली, फिरवली, परत एकटीनं ओढून वर घेतली. हलकी आहे ना पत्रा म्हणजे. म्हणाली, बघितलंत? कुणाला हाक मारावी लागत नाही. — तेव्हा मी म्हटलं, हां, सोयीची आहे खरी. एवढंच कळलं मला तेव्हा. माणसाला कळायला वेळ लागतो हो, आणि पुरुषमाणसाला जरा जास्तच.

चहा घेणार? नाही तर नाही, मीही नाही घेत, फार झाला सकाळपासून. — हां, आवडती. तर आवडती हीच म्हणायची, तिची. आमचं घर वरतीच, हा जिना चढला की स्वयंपाकघर, त्याच्या पलीकडं आईची खोली. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, न्हाणीघरात पडली, आणि त्या दिवसापासून जी पलंगाला लागली ती उठलीच नाही. डोकं मात्र लख्ख. जीभ त्याहून लख्ख. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा, काही लागलं की चमचा पेल्यावर — टण टण टण. पाणी, टण टण. कूस बदल, टण टण. खिडकी लाव, खिडकी उघड, कोण आलं होतं, काय म्हणत होतं. आणि हाक एकच — सूनबाई. मी तिथंच उभा असलो तरी हाक सूनबाईला. मी गेलो तर म्हणायची, तुला काय जमतंय, तिला पाठव. आणि मी पाठवायचो. खरंच वाटायचं मला की आपल्याला जमत नाही. सोयीचं होतं ना असं वाटणं. अंग पुसणं, चादरी, औषधं, पाठीला जखम होऊ नये म्हणून सारखं वळवणं, रात्री उठणं, सगळं तिच्याकडं. इतकी वर्षं. आणि तिची म्हणून एकच गोष्ट — पहाटे उठायचं, आईचं आवरून द्यायचं, आणि आई परत जरा डोळा मिटते तेवढ्यात ही या डब्यात. ऊन चढायच्या आत परत. कधी मासे आणायची, कधी नाही. मी विचारायचो, काय लागलं? तर म्हणायची, वारा लागला. असं बोलायची ती. हसायची बोलताना, म्हणजे तेव्हा हसायची.

तुम्हाला उशीर नाही ना होत? नाही, विचारलं आपलं. — तर एके दिवशी ऊन चढलं, आणि ही आली नाही. मी खाली गिऱ्हाइकाशी बोलत होतो, लक्षातच नाही आलं. वरती चमचा सुरू झाला. वाजतोय, वाजतोय, मी मनात म्हणतोय, आता ही जाईल, आता जाईल. मग चमचा थांबला आणि आईनं हाक मारली. आणि हाक मला. मला, समजलं ना? माझं नाव घेऊन.  वर गेलो, तर ती नाही. मोबाईल ओट्यावर, चार्जिंगला. फोन कधी न्यायचीच नाही ती पाण्यावर. आई म्हणाली, अजून आली नाही ती. मी म्हटलं, येईल गं, मासे लागले असतील. आई म्हणाली, जा बघ. पुन्हा म्हणाली, अरे जा ना बाबा. आईनं मला बाबा म्हटलं की मी घाबरतो.

काठावर आलो. वारा नव्हता, धुकं केव्हाच वर गेलेलं, पाणी आरशासारखं. आरशात काही दिसत नव्हतं. शेजारचा बर्फवाला, त्याचा ट्रक धुत होता, तो म्हणाला, वहिनी ना? सकाळी गेल्या की बेटाकडं, त्या पलीकडच्या लव्हाळ्यात. मग काय, ती पांढरी असते तसलीच एक होती तेव्हा उतारावर लावलेली, मऊ खुर्चीची, तिच्यात बसलो. मी. बर्फवाला बघतच राहिला. म्हणाला, मी जाऊ का? म्हटलं, नको, माझं मीच जातो. का म्हटलं, देव जाणे. लाज वाटली असेल. काय सापडणार आहे तिकडं ते दुसऱ्यानं बघू नये असं वाटलं असेल. निम्म्यात पोहोचलो असेन नसेन, ओकलो. कडेवरून पाण्यात, परत ओकलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, एक हात स्टिअरिंगला, आणि मनात नाही नाही ते येतंय — बोट उलटलीय, ती पोहत असेल, नसेल, गळाची दोरी पायात अडकली असेल. आणि तिची ओढणी अशी लव्हाळ्यात दिसेल, असलं काहीतरी डोळ्यांपुढं सारखं. माणूस किती दुष्ट असतो बघा, स्वतःलाच घाबरवतो.

तर बेटाच्या मागं, लव्हाळ्याच्या आडोशाला, ही बोट. ही. आणि तिच्यात ती. मागच्या फळीवर नाही, मधल्या फळीवर, हात मांडीवर ठेवून, सरळ बसलेली. जशी बँकेत नंबर यायची वाट बघत बसतात ना, तशी. गळ काही पाण्यात नव्हता. काठी पायाशी, दोरी कोरडी. डबीतली गांडुळंसुद्धा तशीच, झाकण न उघडलेली. मी इंजिन बंद केलं, जवळ गेलो, तिनं बघितलं माझ्याकडं. माझा अवतार कसा असेल विचार करा, शर्टावर सगळं... तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि माझ्या तोंडावर मारलं. पहिलं हे केलं तिनं. मग म्हणाली, इंजिन बंद पडलं. मी म्हटलं, अगं मग वल्ही आहेत की. — ती म्हणाली, हो. आहेत. — एवढंच. बघितलं तर वल्ही जागेवर, पट्टा लावलेली.   रागावणार होतो खरा, येताना सगळं जुळवून ठेवलं होतं, घरात म्हातारी, फोन नेत नाहीस, जिवाला घोर — सगळं पाण्यात गेलं, आधी ओकलो त्याच्याबरोबर. दोर टाकला, म्हटलं, बांध. तिनं बांधला. आणि मी ओढून आणली तिला. येताना एकदाच मागं बघितलं. ती तोंड फिरवून बसली होती, बेटाकडं बघत.

वर गेली, हात धुतले, आईच्या खोलीत गेली. आई काय बोलली तिला, मला माहीत नाही. चमचा वाजला नाही त्या दिवशी परत, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर कामात असताना मी हे इंजिन बघायला घेतलं. बंद पडलं म्हणाली होती ना. टाकी उघडली, अर्ध्याच्या वर पेट्रोल. नळी धड, तिच्यावरचा तो पेट्रोल चढवायचा रबरी फुगा दाबला, कडक. प्लग काढला, कोरडा, स्वच्छ, तिनंच पुसलेला असणार, तिला सवय. परत बसवला. पिंपात बुडवून ठेवलं इंजिन, आम्ही असंच तपासतो, आणि दोरी ओढली. — पहिल्याच ओढीला. पहिल्याच ओढीला सुरू, साहेब. असं गोड फुरफुरायला लागलं की जसं काही वाटच बघत होतं. आणि मी काय केलं असेल? झडप घालून बंद केलं. वर ऐकू गेलं असतं ना. बंद केलं आणि तिथंच खाली बसलो, त्या पिंपाला टेकून. ग्रीसमध्ये बसलो असेन, कळलं पण नाही. — बंद पडलंच नव्हतं हो. तिनं बंद केलं होतं. यायचंच नव्हतं तिला परत. कुठं जायचं होतं, जायचं तरी होतं का, की नुसतं बसायचं होतं कुणी हाक न मारता, हे मला कुठं ठाऊक. आजही ठाऊक नाही.

मग मी ते इंजिन खोललं. सगळं. उगाच. कार्ब्युरेटर काढला, स्क्रू मांडून ठेवले त्या बाकावर, कपडा अंथरून, दिवसभर तसंच. ती जेवायला बोलवायला खाली आली, बघितलं तिनं. म्हणाली, काय झालं होतं? मी म्हटलं, कचरा. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला होता. पेट्रोलच हल्ली चांगलं येत नाही. — ती म्हणाली, हो का? मला वाटलंच. — मला वाटलंच म्हणाली! अशी नजर न उचलता. आणि मला मनातल्या मनात एवढं हसू आलं, आणि रडू पण, कसं सांगू. म्हटलं, आता नाही पडायचं बंद, नीट केलंय. ती म्हणाली, बरं. जेवायला चला.

त्यानंतर सकाळी आईचं मी करायला लागलो. तिला म्हटलं, तू जात जा पाण्यावर, घाई करू नकोस, इंजिनाला जरा चालायला पाहिजे, नाहीतर परत कचरा बसेल. असं कारण सांगितलं. ती जायला लागली. आणि इकडं माझी परीक्षा! आईचं तोंड पुसायला गेलो तर म्हणाली, भांडं घासतोयस का? कूस बदलायला गेलो, तर — अरे, पोतं आहे का मी? चमच्यानं भरवताना हनुवटीवर सगळं. टण टण चालूच. तिला पाठव, तिला पाठव. मी म्हटलं, ती नाही घरात. — कुठं गेली? — बोटीवर. — तर खिडकीकडं बघत, म्हणते कशी, इंजिन बंद पडलं नव्हतं ना रे त्या दिवशी?

 माझ्या हातात ताटली, तिच्या हनुवटीवर जेवण. म्हटलं, नव्हतं गं. — आईनं मान हलवली. म्हणाली, मला वाटलंच. — हेच शब्द. दोघींचे. म्हणाली, तिला काही बोलू नकोस हं. बोललास तर बघ. म्हटलं, नाही बोललो. मग मी तोंड पुसलं तिचं, आणि ती म्हणाली, तुझी आजी पलंगावर होती ना, तेव्हा मी पण अशीच...  मग म्हणाली, माझ्याकडं बोट नव्हती. होती म्हणा, खाली शेडभर होत्या. पण मला चालवता येत नव्हती. — आयुष्यभर मी आईला कडक बाई समजत होतो. कडक बाई! त्या दिवशी पहिल्यांदा तिचे पाय नीट चोळले मी. पोत्यासारखे नाही. तिनं पण काही टोमणा नाही मारला.

आणि मग ती काय करायला लागली माहितीये? सोंग. पहाटे सूनबाई खोलीत डोकावून निघाली की लगेच डोळे मिटून घोरायची. मोठ्यानं! झोपलेला माणूस असा कधी घोरत नाही, नाटकातला घोरतो तसं. म्हणजे हिला वाटावं, झोपल्या, जायला हरकत नाही. आणि खालून इंजिनाचा आवाज आला की एक डोळा उघडून मला विचारायची — गेली? मी म्हणायचो, गेली. — मग आण माझा पेला. तेव्हा टण टण. ती असताना आवाज नाही, हिचा पाय मागं फिरू नये म्हणून. आम्ही मायलेक सकाळी दोघंच, भांडायचो, पत्ते खेळायचो, पत्त्यात चोरी करायची ती पडल्या पडल्या. तसल्या सकाळी मला आधी कधीच मिळाल्या नव्हत्या आईबरोबर. कुणामुळं मिळाल्या, सांगा. कचऱ्यामुळं. कार्ब्युरेटरमधल्या.

आई गेली थंडीच्या शेवटी. दुपारी, झोपेत, खरोखरीच्या झोपेत. त्रास नाही झाला. ही पाठीशी होती तेव्हा, वळवायला गेली होती तिला.

आणि तेव्हापासून ही ताडपत्री. हो, तेव्हापासूनच. मला वाटलं होतं, आता काय, आता दिवसभर पाण्यावर राहील, तिला कोण अडवणार. तर उलटंच. पाऊल नाही ठेवलं बोटीत. सकाळी उठते, सवयीनं उठते, त्या रिकाम्या पलंगाची चादर झटकते, आणि खिडकीत बसते. मी म्हटलं एकदा, जा की जरा. तर म्हणाली, कशाला? म्हटलं, अगं, वारा. — ती म्हणाली, वारा घरात पण येतो आता. मी म्हटलं, बरं.  मी हरलोय हो या बोलण्याला. जेवते, झोपते, माझ्याशी बोलते, नाही असं नाही. पण म्हणजे — तुम्ही कधी दोर सोडलेली बोट बघितलीय? नांगर नाही, दोर नाही, वारा पण नाही. जात कुठंच नाही ती. नुसती असते. मग गेल्या आठवड्यात, ताट वाढता वाढता म्हणाली, ती पत्र्याची विकून टाका. जागा अडवून बसलीय. मी म्हटलं, विकतो. आणि तेव्हापासून येईल त्या गिऱ्हाइकाला पांढरी दाखवतोय, हिरवी दाखवतोय, या कोपऱ्याकडं कुणाला येऊ देत नाही. तुम्ही आलात. तुम्ही आवडती कोणती ते विचारलंत.

काय म्हणालात? — नाही, किंमत नका सांगू. किंमत राहू द्या. तुम्हाला बरी वाटतेय ते दिसतंय मला, पोच्यावरून हात फिरवताय, तुमचा डोळा बरा आहे म्हणजे. विकायला हरकत नाही, सांगितलंय तिनं, स्वतःच्या तोंडानं. पण एकदा — तिला मी सांगितलंय का? काय सांगितलंय? कचऱ्याचं? नाही. मला माहीत आहे हे तिला नाही सांगितलं कधी. कुणालाच नाही. आईला तेवढं, आणि आई गेली. आणि आता तुम्ही. तुमचं नाव पण विचारलं नाही मी. — मी तरी काय वाहवत गेलो, बोट दाखवता दाखवता. विसरा तुम्ही. खरंच विसरा, माझ्यावर उपकार करा, गावात छोटी गोष्ट मोठी होते. 

थांबा. गेट वाजलं. तीच. बाजारातून आली. — हां, तर साहेब, हिरवीचं सांगत होतो मी, फायबर असं जाड पाहिजे, बोटानं वाजवून बघा, हे असं, ठण्ण आवाज नाही आला पाहिजे... अगं, ये. ये, आण ती पिशवी इकडं, जड आहे. हे साहेब बोट बघायला आलेत. एकटे जाणार म्हणतायत, मासे पकडायला. ही माझी बायको. खरं बोटीतलं हिला विचारा, मला यातलं ओ की ठो कळत नाही, मी आपला दुकानदार. — ताडपत्री? मी काढली. हो, मीच. त्यांना बघायची होती. तूच म्हणालीस ना, जागा अडवते म्हणून. त्यांना आवडलीय. घेतो म्हणतायत, काय गं. देऊया?

अगं, देऊया ना? साहेब थांबलेत.

जाऊ दे साहेब, तिला बघू दे. जुनी आहे ना, ती बघेल तिच्या हिशेबानं. झाकण उघडतेय टाकीचं. आता वास घेईल. घेतला. तोंड वाकडं केलं, बघितलंत?

काय? — हो, थंडीपासूनचंच असणार, मी कशाला बदलतोय. — शिळं झालंय? बरं. — सगळं ओतून टाकू? आत्ता? बरं, आत्ता. नवीन भरतो. प्लग पण बघतो. तू पिशवी वर ने. नको? बरं, राहू दे खालीच.

साहेब, ऐकलंत ना. ही नाही मिळायची. हिरवी घ्या नाहीतर काहीच घेऊ नका, पण या आता. या तुम्ही. आम्हाला काम आहे.